बेंचवरच्या सायलीस

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

"पहिल्या पाचांतून काढलं, आता नुसत्या टाळ्या वाजवायच्या," असं म्हणून तू काल फोन ठेवलास. त्याआधी, त्याच दमात, तुमच्या बास्केटबॉल संघात चाली रचणाऱ्या पॉइंट गार्डचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, फाटल्याचंही सांगितलंस. गुडघ्यांबद्दल मी आज काही लिहिणार नाही, तसं दादाला कबूल केलंय.

हिशेब मांडून बघ. दहा मिनिटांचे चार क्वार्टर, मैदानात पाच जणी, म्हणजे सामन्याची 200 मिनिटं. सात जणींतच वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला 28 च्या वर, नऊ जणींत 22. हा फरक चौथ्या क्वार्टरला दिसतो. पाय दमले की फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता घेतलेला शॉट, रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो, बचावात पाऊल मागे राहतं, मग हात पुढे जातो आणि फाउल. संघाचे एका क्वार्टरमध्ये पाच झाले की समोरच्यांना दोन फ्री थ्रो. एखादीचे स्वतःचे पाच झाले की ती बाहेर. मग कोच बेंचकडे वळतो, आणि तिथे कोण बसलंय त्यावर सामना ठरतो.

जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेतल्या युकॉनच्या, म्हणजे नावाजलेल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या, मुलींना डीपॉल विद्यापीठाविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. त्यांच्या बिग ईस्ट या कॉलेज-लीगच्या नियमाने स्कॉलरशिपवाल्या किमान सात हव्यात, दुखापतींमुळे त्यांच्याकडे सहाच उरल्या होत्या. युकॉनकडे! पुढच्याच जानेवारीत टीसीयू या दुसऱ्या विद्यापीठाने दुखापतींमुळेच दोन सामने सोडले आणि कॅम्पसवर निवड चाचणी घेऊन नव्या मुली घेतल्या. आणि 2018 च्या तिथल्या पुरुषांच्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या डिव्हिन्चेन्झोने बेंचवरून उठून 31 गुण केले.

पंधरा-वीस मिनिटं बसलं की वॉर्म-अपचा उपयोग बराचसा ओसरतो. म्हणून जॅकेट काढू नकोस, टाइमआउटला उभी राहा, टाचा उचल, मध्यंतरात सगळ्यांआधी बाहेर येऊन धाव. गार पायांनी उतरून पहिल्याच रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परतलेल्या चेंडूला, उंच उडी घेऊ नकोस. उतरताना गुडघे वाकलेले हवेत, आत झुकता कामा नयेत, आणि एका पायावर तर... बघ, आलेच तिथे. माफ कर.

बसल्या जागी तुला जिला अडवायचंय तिच्याकडे बघ. कोणत्या हाताने घुसते, फाउल किती झालेत, तिच्यासाठी तुझी वाट अडवणारी, म्हणजे स्क्रीन, कुठून येते. सरावात तुम्ही दुसऱ्या फळीच्या मुली समोरच्या संघाच्या चाली खेळता, त्या पाठ असल्या की मैदानात अर्धं काम झालेलं असतं. उतरल्यावर पहिल्या मिनिटात शॉट शोधू नकोस. एक बचाव, एक सरळ पास, मग पुढचं.

आठवीत गुडघ्याला पट्टा बांधून तू तीन दिवस खेळलीस आणि मला चौथ्या दिवशी कळलं. ते चिवट आहेस म्हणून मला फार आवडलं होतं आणि तेव्हापासून झोपही उडालीय. दोन्ही खरं आहे. दुखलं तर ट्रेनरला त्याच दिवशी सांग. तुझी मिनिटं कमी होतील म्हणून लपवलंस तर नवव्या जागेवरची मुलगी असूनही नसल्यासारखी, आणि कोचला ते ऐन वेळी कळणार.

काकूचं ऑपरेशन मंगळवारी आहे, तिला फोन कर. लोणचं दादासोबत पाठवते.

त्या पॉइंट गार्डचा गुडघा उजवा की डावा, ते तू सांगितलं नाहीस. तुझा डावा जिना उतरताना अजून वाजतो का?

तुझी,
आई