फेरमूल्यांकन आणि घरपट्टी: मूल्याबरोबर दरही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मालमत्तांच्या फेरमूल्यांकनाची बातमी आली की तिच्या मथळ्यात हटकून घरपट्टीच्या वाढीचा उल्लेख असतो. घराचे मूल्य दुप्पट ठरले म्हणजे करही दुप्पट होणार, असाच त्याचा अर्थ वाचणारा लावतो आणि धास्तावतो. मूल्य आणि कर यांच्यामध्ये कराचा दर असतो, ही गोष्ट मात्र बातमीत क्वचितच सांगितली जाते.

समजा, एका गावात दोनच घरे आहेत, प्रत्येकाचे मूल्य १ लाख आहे आणि पालिकेला वर्षाकाठी २,००० हवे आहेत. दर १ टक्का ठरतो आणि प्रत्येकाला १,००० भरावे लागतात. फेरमूल्यांकनात पहिले घर दीड लाखाचे आणि दुसरे अडीच लाखांचे ठरले, पण पालिकेची गरज तेवढीच राहिली, तर दर अर्ध्या टक्क्यावर यायला हवा. मग पहिला ७५० भरेल आणि दुसरा १,२५०. मूल्य दोघांचेही वाढले, तरी पहिल्याचा कर कमी झाला. फेरमूल्यांकनाने बदलते ते कराचे वाटप. ज्याच्या घराचे मूल्य सरासरीहून अधिक वाढले, त्याच्याकडे अधिक भार जातो.

खरा प्रश्न येतो तो मूल्य वाढवूनही दर जुनाच ठेवला जातो तेव्हा. अशा वेळी सभागृहात करवाढीचा ठराव न मांडताच करवाढ होते आणि तिचा दोष मूल्यांकन करणाऱ्यांच्या माथी जातो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात याला चांगला तोडगा आहे. त्याच मालमत्तांमधून गेल्या वर्षीइतकेच उत्पन्न देणारा दर तेथील स्थानिक संस्थांना दरवर्षी काढून जाहीर करावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष दर त्याहून किती वर ठेवला हे कोणालाही ताडून पाहता येते. या हिशेबातून नवी बांधकामे वगळलेली असतात, आणि ते योग्यच आहे, कारण नव्या इमारतींमुळे वाढलेले उत्पन्न ही जुन्या करदात्यावरची वाढ नव्हे.

लोकक्षोभाच्या भीतीने फेरमूल्यांकन पुढे ढकलत राहणे हा उपाय तर मुळीच नाही. इंग्लंडमध्ये घरांचा स्थानिक कर आजही १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर बेतलेला आहे. काल बांधलेले घरसुद्धा त्या दिवशी असते तर किती किमतीचे ठरले असते, याचा अंदाज बांधून त्याचा किमतीनुसार कराचा गट ठरवावा लागतो. कॅलिफोर्नियात १९७८ पासून करपात्र मूल्य, घराची मालकी बदलेपर्यंत किंवा नवे बांधकाम होईपर्यंत, वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. परिणामी शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांपैकी नुकत्याच विकल्या गेलेल्या घराचा कर दुसऱ्याच्या कित्येक पट असू शकतो. मूल्य गोठवले की ज्या भागांत किमती वेगाने चढल्या तेथील मालकांना सवलत मिळत राहते आणि ज्यांच्या किमती जेमतेम वाढल्या त्यांच्या वाट्याला त्याचा बोजा येतो, हे मला सर्वांत अन्यायकारक वाटते.

घराची किंमत वाढली म्हणून घरमालकाच्या हाती पैसा येत नाही, ही अडचण अर्थातच खरी आहे आणि निवृत्तांना ती फार जाचते. तिच्यासाठी वाढ काही वर्षांत विभागून लावता येते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ५५ वर्षे पूर्ण केलेल्या पात्र घरमालकांना कर पुढे ढकलून तो व्याजासह पुढे, बहुधा घर विकताना, फेडण्याची मुभा आहे.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की फेरमूल्यांकनाची बातमी देताना आधीचा दर, उत्पन्न तेवढेच राखणारा दर आणि प्रस्तावित दर हे तीन आकडे शेजारीशेजारी छापावेत. फेरमूल्यांकनाच्या नोटिशीवर हरकत घेता येते ती साधारणपणे मूल्यावर. दर ठरतो अंदाजपत्रकाच्या सभेत. त्या सभेची तारीख बातमीत आधी छापून आली, तर नागरिकांना आपले म्हणणे वेळेत मांडता येईल.

आपला विश्वासू,
एक करदाता वाचक