विषय : 25 मिमीच्या ट्यूबची घडी न बसवणारं यंत्र आणि तुमच्या सेवा विभागाची उत्तरं

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

महोदय,

तुमच्या सेवा विभागाशी बोलून आत्ताच फोन ठेवला. त्या नंबरवर मी पुन्हा फोन करणार नाही, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. यंत्राचा क्रमांक आणि तारीख सोबतच्या बिलावर आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूबचं बूड घडी घालून बंद करणारं, पायाच्या पेडलवर चालणारं तुमचं अर्धस्वयंचलित मॉडेल.

धायरीत आमचा गाळा आहे. तिळाचं तेल, राळ आणि मधमाशीचं मेण यांचं टाचांच्या भेगांवरचं मलम आम्ही करतो आणि 25 मिमी व्यासाच्या, 30 ग्रॅमच्या ट्यूबमधून विकतो. हा व्यास मी ऑर्डर देतानाच लिहून दिला होता. तुमच्या कोटेशनवर तोच छापलेला आहे. यंत्राबरोबर आलेले होल्डरही 25 चेच आहेत. ट्यूबची कड दाबून घडी घालणारे जबडे मात्र 25 चे नाहीत. सगळं दुखणं एवढंच आहे, आणि तेवढंच तुमच्याकडे कुणाला ऐकून घ्यायचं नाही.

25 मिमीची नळी चपटी केली की तिची कड रुंदीला साधारण 39 मिमी होते. परिघाच्या निम्मी, शाळेतलं गणित. तुमच्या यंत्राचे जबडे मी व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीने, मोजले, ते भरले 36 मिमी. 22 मिमीच्या ट्यूबची कड साडेचौतीसच्या आसपास येते, तिला हे जबडे बरोबर बसतील. म्हणजे लहान मॉडेलचे जबडे आमच्या यंत्रावर चढवून पाठवले आहेत. दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर पत्रा दाबाखाली येतच नाही. पहिली घडी पडते, तिच्यावर दुसरी पडते, वरून बॅच नंबरचा ठसाही उमटतो, समोरून बघणाऱ्याला ट्यूब अगदी व्यवस्थित दिसते. पण दोन्ही कोपरे दाबलेलेच नसतात. बोटाने जरा चेपलं की घडीचे पापुद्रे सुटलेले कळतात.

जबड्यांमध्ये पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवून मी पेडल मारलं. उमटलेली काळी पट्टी 36 मिमीची आहे. त्याच कागदावर ट्यूबची चपटी कड ठेवून पेन्सिलीने रेघ मारली आहे. पट्टी कुठे संपते आणि रेघ कुठवर जाते हे बघायला इंजिनियर लागत नाही. तो कागद या पत्राला टाचला आहे.

सुरुवातीला तुमच्याकडून उत्तर आलं की आम्ही ट्यूब जास्त भरतो, मलम घडीत येतं म्हणून गळतं. हे कारण खरं असू शकतं, हे मलाही माहीत आहे. कडेला तेल लागलं तर घडी धरत नाही, म्हणून वर घडीपुरती जागा कोरडी सोडावी लागते आणि आम्ही ती सोडतो. तरीही शंका नको म्हणून मी रिकाम्या ट्यूबच घडी घालून पाहिल्या. मलमाचा थेंब नाही, टोपण घट्ट लावलेलं. पाण्याच्या बादलीत धरून पोट दाबलं तर दोन्ही कोपऱ्यांतून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. मधल्या भागातून एकही नाही. रिकाम्या ट्यूबमध्ये मी काय जास्त भरलं होतं? हा प्रश्न मी फोनवर विचारला, मेलवर विचारला, तुमच्या माणसाला समोर उभं करूनही विचारला. उत्तर अजून यायचं आहे.

तो माणूस आला तेव्हा त्याच्याकडे व्हर्नियर नव्हता. मी माझा दिला, तो त्याने हातातही घेतला नाही. अ‍ॅलन की काढली, स्प्रिंग आवळली, दाब वाढवला आणि एका ट्यूबची घडी दाखवून 'झालं मॅडम, चालू झालं' म्हणाला. फेरीचे पैसे घेतले, त्यावर 18 टक्के जीएसटी घेतला आणि गेला. दाब वाढवून कोपऱ्यावर काय फरक पडणार? तिथे जबडा पोचतच नाही. फरक पडला तो मध्ये. आता घडीच्या रेषेवर पत्रा चिरतो. आतलं लॅकरचं, म्हणजे संरक्षक लेपाचं, अस्तर तिथे तडकतं आणि उघड्या धातूला मलम लागतं. आधी दोन कोपऱ्यांनी गळणारी ट्यूब तुमच्या दुरुस्तीनंतर मधूनही फुटायला लागली. स्प्रिंग परत सैल करून ठेवली ती मीच.

मंडईजवळच्या एका काष्ठौषधींच्या दुकानदाराने माल परत केला. वर्षानुवर्षं आमच्याकडून माल घेणारा माणूस. काही न बोलता त्याने एक खोकं माझ्यासमोर ठेवलं. पुठ्ठ्याच्या एकाच कोपऱ्यावर तेलाचा पिवळट डाग, रुपयाच्या नाण्याएवढा. खोकं उघडलं तर ट्यूब आतल्या माहितीपत्रकाला चिकटलेली. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, टेम्पोत आणि पत्र्याच्या गोदामात त्याहून वर जातो. तेल पातळ झालं की असा दीड मिलिमीटर त्याला पुरतो. अमेरिकी औषधसंहितेत डोळ्यांच्या मलमाच्या ट्यूबची एक चाचणी आहे : 10 ट्यूब पुसून कोरड्या करायच्या, टिपकागदावर आडव्या ठेवायच्या आणि 60 अंशांना 8 तास ठेवायच्या. आमचं मलम डोळ्यांचं नाही, आम्हाला ही सक्ती नाही. तरी केली. टिपकागदावर प्रत्येक ट्यूबच्या कोपऱ्यापाशी डाग आहेत. तो कागदही पाठवते आहे.

आता आजचा फोन. हा मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण जबड्यांचं काम एका पार्सलने होईल, याचं होणार नाही.

मी मापं सांगितली. जबडा 36, कड 39. पलीकडून उत्तर, 'मॅडम, आपलं मशीन सगळ्या साइजला चालतं.' मी म्हटलं, होल्डरबरोबर जबडेही त्या मापाचे असतील तर चालतं, मला जबडे लहान आले आहेत. 'एक मिनिट हां,' म्हणून त्यांनी मला संगीत लावून दिलं. ते बराच वेळ वाजत राहिलं. परत आले ते हे वाक्य घेऊन : 'मॅडम, मिस्टर आहेत का जवळ? त्यांच्याकडे द्या फोन. मशीनचं आहे, मी त्यांना समजावून सांगतो.'

महोदय, तुमच्या ऑर्डर फॉर्मवर सही माझी आहे. बिल माझ्या नावाचं आहे. कर्ज माझ्या नावावर आहे आणि आयुर्वेदिक औषधाचा परवानाही. यंत्र उघडून माप घेतलं ते मी. शेड्यूल टी, म्हणजे आयुर्वेदिक औषधनिर्मितीच्या नियमांप्रमाणे, बॅचच्या नोंदी ठेवते ती मी. माझे यजमान बँकेत नोकरी करतात आणि या यंत्राचं पेडल कुठल्या बाजूला आहे हेही त्यांना ठाऊक नसेल. त्यांना काय समजावणार होता? मी म्हटलं, 'मिस्टरांचा या यंत्राशी संबंध नाही, माझ्याशी बोला.' त्यावर ते हसले. हसले हे मी मुद्दाम लिहिते. तुमचा प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो असं सुरुवातीलाच ऐकवलं जातं. ते रेकॉर्डिंग काढा आणि स्वतः ऐका.

पुढे त्यांनी मला शिकवलं ते असं : 'टूथपेस्टची ट्यूब बघितलीय ना? तिला कुठं घडी असते? तुम्ही हॉट एअर गन घ्या, बुडाला गरम हवा मारा आणि दाबा, चिकटून जाईल.'

ट्यूब बंद करण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या सेवा विभागाचं हे ज्ञान आहे. टूथपेस्टची ती ट्यूब लॅमिनेटची. तिच्या आत प्लॅस्टिकचा थर असतो, तो उष्णतेने वितळतो आणि एकमेकांना धरतो, म्हणून तिला घडी लागत नाही. आमची ट्यूब निखळ अ‍ॅल्युमिनियमची आहे, आत फक्त लॅकरचा पातळ लेप. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. गरम हवेने धातूला काही होणार नाही, लेप मात्र जळेल आणि त्याचा वास माझ्या मलमाला येईल. धातूच्या ट्यूबला घडी हेच सील. दुसरं काही नाही. 1841 मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने धातूच्या दाबायच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी चित्रकार तैलरंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवायचे. तेव्हापासून मागून भरायची आणि बूड मुडपून बंद करायची, हीच रीत चालत आली आहे. तुमच्या यंत्राचं एकुलतं एक काम तेच, आणि तुमचा माणूस मला सांगतो की घडीची गरज नाही.

मी हे सगळं त्यांना शांतपणे सांगितलं. उत्तर मिळालं, 'तुमच्याकडे लेडीजच आहेत ना कामाला? साडीची घडी घालतात, ट्यूबची घालता येत नाही का?'

मी फोन ठेवला.

त्या लेडीज काय करतात ते सांगते. यंत्रातून निघालेली प्रत्येक ट्यूब हातात घेऊन चपट्या तोंडाच्या पक्कडने दोन्ही कोपरे दाबतात. पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. आमच्या मावशींच्या अंगठ्याला पट्टी आहे आणि मोजे घातले की कोपरा नीट पकडता येत नाही, म्हणून त्या मोजे काढतात. पक्कडचे ओरखडे छपाईवर उठतात ते वेगळेच. यंत्र यासाठी घेतलं होतं का? हाताने करायचं तर आधीही करतच होतो.

वॉरंटीबद्दल तुमचा लेखी मेल माझ्याकडे आहे : 'जबडे हा झिजणारा भाग असल्याने वॉरंटीत येत नाही.' झिजला की जबड्याचा दाब कमी होईल, धार बोथट होईल. झिजून जबडा 3 मिलिमीटर अरुंद होत नाही, तोही दोन्हीकडून सारखा. ते पहिल्या दिवसापासून चुकीचे आहेत. चुकीचा पाठवलेला भाग आणि झिजलेला भाग यातला फरक तुमच्या कार्यालयात कुणालातरी कळत असणार. मेल लिहिणाऱ्याला कळत नव्हता, की कळूनही लिहिलं?

तुमचंच यंत्र मी का घेतलं तेही सांगते. भोसरीतल्या एका कारखान्यात तुमचं जुनं मॉडेल बघितलं होतं. रंग उडालेला, पेडलचं रबर गेलेलं, पण घडी अशी की नखाने उकलत नव्हती. दुसऱ्यांचं कोटेशन स्वस्त होतं, ते मी बाजूला ठेवलं. पुण्याची कंपनी, तासाभराच्या अंतरावर, अडचण आली तर माणूस येईल हा विश्वास. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. ते जुनं यंत्र ज्यांनी बनवलं त्यांना आजचा फोन ऐकवायला हवा.

लॅमिनेट ट्यूबकडे वळा, असाही सल्ला तुमच्या विक्री विभागाने दिला, आणि त्यासाठी वेगळ्या यंत्राचं कोटेशनही न मागता पाठवलं. आम्हाला अ‍ॅल्युमिनियमच हवं. ते दाबलं की दबलेलंच राहतं, परत फुगून बाहेरची हवा आत ओढत नाही. तेलकट मलमाला तेच हवं असतं. एक यंत्र चुकीचं दिलं म्हणून मी दुसरं विकत घ्यावं, ही अपेक्षा कशी करता?

माझी मागणी स्पष्ट आहे. 25 मिमीच्या ट्यूबला पुरतील असे, किमान 40 मिमी रुंदीचे जबडे विनामूल्य पाठवा आणि ते बसवायला माप घेता येणारा माणूस पाठवा. आधीच्या फेरीचे पैसे जीएसटीसह परत करा. परत आलेल्या मालाची भरपाई करा, दुकानदारांच्या परतीच्या पावत्या जोडल्या आहेत. आणि 'मिस्टरांना फोन द्या' व साडीच्या घडीबद्दल जे बोललं गेलं त्याची लेखी माफी मला आणि माझ्याकडे काम करणाऱ्या दोघींना हवी. मराठीत हवी, म्हणजे मावशींना वाचता येईल.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. यंत्र धंद्यासाठी घेतलं म्हणून मी ग्राहक नाही, असं तुमचे वकील सांगतील. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला ती अट लागत नाही, हे त्यांना कलम 2(7) खालच्या स्पष्टीकरणात वाचायला सांगा. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली ती याच पुण्यात, इथे तक्रार कशी लिहायची हे सांगणारी माणसं शोधावी लागत नाहीत. दाखल करायची कागदपत्रं मी लावून ठेवली आहेत.

जबडे पाठवण्याआधी रुंदी मोजून, ते माप चलनावर लिहून पाठवा. लिहिलेलं नसेल तर पार्सल घेतलं जाणार नाही. गाळा सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते सहा उघडा असतो, गुरुवारी आमच्याकडे वीज नसते, त्या दिवशी माणूस पाठवू नका.

आपली ग्राहक,
मलम उत्पादक, धायरी, पुणे

सोबत : बिल आणि कोटेशनची प्रत, कार्बनचा कागद, टिपकागद, परतीच्या पावत्या, वॉरंटीबाबतचा तुमचा मेल आणि दोन ट्यूब, एक रिकामी व एक भरलेली. भरलेली पिशवीतून काढताना जपून काढा, कागदांना तेल लागेल.