‘गर्भवती आहात का?’ या चौकटीविषयी मावशीला पत्र

लंडन,
रविवार

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. त्यातील बाकीच्या मजकुराला सावकाश उत्तर देईन, पण “गरोदर बाईवर नव्या औषधांची चाचणी करणाऱ्या तुम्हा लोकांना रात्री झोप तरी कशी लागते?” हा तुझा प्रश्न गेले आठ दिवस माझ्या डोक्यात घोळतो आहे. तीस वर्षे प्रसूतिकक्षात काढलेल्या परिचारिकेने तो विचारला असल्यामुळे त्याला थातूरमातूर उत्तर देऊन भागणार नाही.

आधी माझ्या टेबलावरच्या एका कागदाविषयी सांगते. चाचणीत सहभागी होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा एक अर्ज भरला जातो. वय, वजन, पूर्वीचे आजार हे लिहून झाले की “गर्भवती आहात का?” असा प्रश्न येतो आणि त्याच्यापुढे दोन चौकटी असतात. “नाही” या चौकटीत खूण केली की पान उलटायचे. “होय” मध्ये केली की खाली बारीक अक्षरांत एकच सूचना आहे, मुलाखत येथे थांबवावी. कामाला लागले तेव्हा मला ती सूचना माणुसकीची वाटली होती. आता तशी वाटत नाही, आणि ती का वाटत नाही हे सांगण्यासाठीच हे पत्र लांबणार आहे.

तुझ्या मनात थॅलिडोमाइड आहे हे मी जाणते. १९५७ पासून पश्चिम जर्मनीत आणि नंतर अनेक देशांत विकले गेलेले हे औषध पहिल्या महिन्यांतील मळमळीवर सर्रास दिले जात होते आणि १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाऊ लागले, पण त्याच्यामुळे एकूण दहा हजारांहून अधिक मुले हातापायांचे व्यंग घेऊन जन्माला आली. मात्र या प्रकरणातून जो धडा घेतला गेला तो मला उलटा वाटतो. ते औषध गर्भावर काय करते याची नीट तपासणी न करताच ते गर्भवतींच्या हाती पडले होते. म्हणजे चाचणीत त्या नव्हत्या, ग्राहकांत मात्र होत्या. तरीही निष्कर्ष काढला गेला तो त्यांना चाचणीपासून दूर ठेवण्याचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये तर मूल होण्याच्या वयातील सगळ्याच स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची शिफारस केली आणि ती मागे घ्यायला १९९३ साल उजाडले. दिवस राहिले म्हणून बाई आजारी पडायची थांबत नाही, हे तुला मी काय सांगावे! तिला औषध द्यावेच लागते. चाचणीबाहेर ते दिले गेले, तर तिचे आणि बाळाचे पुढे काय झाले हे बहुधा कोणी लिहून ठेवत नाही, एवढाच काय तो फरक.

लिहून ठेवल्याने काय होते, याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण बोट्स्वानाचे आहे. एचआयव्हीवरील डोलुटेग्राविर हे औषध त्या देशाने २०१६ मध्ये सर्वांसाठी सुरू केले. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्याआधीच, २०१४ पासून, एक नोंदवही चालू होती. सुईणीचे काम करणाऱ्या परिचारिका प्रत्येक नवजात बाळाला डोक्यापासून पायापर्यंत पाहत आणि काही वेगळे दिसले तर नोंद करत. म्हणजे तू जे आयुष्यभर करत आलीस तेच, फक्त एका ठरलेल्या नमुन्यात. मे २०१८ मध्ये त्या नोंदींतून एक भयंकर आकडा पुढे आला. गर्भ राहण्याच्या वेळी हे औषध घेत असलेल्या ४२६ स्त्रियांपैकी चौघींच्या बाळांच्या मेंदूत किंवा पाठीच्या कण्यात जन्मजात दोष होता. एरवी असे दोष हजारात एखाद्या बाळात आढळतात.

जगभर धोक्याची घंटा वाजली. कित्येक देशांनी मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना हे औषध देणे थांबवले, काहींनी गर्भनिरोधक वापरत असल्याची खात्री मागितली. पुरुषांना चांगले औषध आणि बायकांना जुने, ज्याने चक्कर येते, रात्री विचित्र स्वप्ने पडतात आणि ज्याला विषाणू हळूहळू दाद देईनासा झाला होता, अशी वाटणी झाली. तेव्हा जुलै २०१८ मध्ये आफ्रिकेतील १८ देशांतल्या, स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या ३९ स्त्रिया किगाली येथे जमल्या आणि त्यांनी लेखी निवेदन काढले, की आम्हाला धोका समजावून सांगा, पण निर्णय आमचा आम्हाला घेऊ द्या. मला हे निवेदन फार महत्त्वाचे वाटते, कारण तोवर “तिचे रक्षण” या शब्दांत तिचे स्वतःचे मत कोणी धरलेच नव्हते.

नोंदवही मात्र चालूच राहिली. वर्षभराने १,६८३ बाळंतपणांत असे दोष पाच, म्हणजे प्रमाण शेकडा ०.३ वर आले; जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रियांसह सर्वांसाठी याच औषधाला पहिली पसंती दिली; आणि पुढे आणखी हजारो जन्मांची नोंद झाल्यावर इतर औषधांशी असलेला फरक जवळजवळ पुसलाच गेला. ते पहिले चार म्हणजे लहान संख्येचा खेळ होता. पण हे कळले कशामुळे? कोणीतरी वहीत लिहिणे न सोडल्यामुळे. ज्या देशात ही वही नव्हती, तिथे ना भीती उत्पन्न झाली असती, ना तिचे निरसन झाले असते.

याच रोगाविषयीची दुसरी हकिकत अगदी अलीकडपर्यंत येते. रोग होऊ नये म्हणून निरोगी स्त्रीने रोज गोळी घ्यावी किंवा औषधी जेल वापरावे, अशी एक मोठी चाचणी २००९ ते २०१२ या काळात दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे येथील पाच हजारांवर स्त्रियांमध्ये झाली. वापर नियमित चालू असल्याचे विचारल्यावर जवळजवळ नव्वद टक्के वेळा सांगितले जाई. रक्त तपासले तर सत्तर ते पंचाहत्तर टक्के नमुन्यांत औषधाचा मागमूस नव्हता. बायका खोटे का बोलल्या, असे तेव्हा काही संशोधक चिडून विचारत. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. घरात गोळ्यांची बाटली सापडली तर नवऱ्याला वाटणार ही आजारी आहे किंवा हिला माझ्यावर संशय आहे. अशा घरात बाटली कुठे ठेवायची, हे चाचणी आखणाऱ्यांपैकी कोणी त्यांना विचारले होते का?

त्यावरचा तोडगा लेनाकापाविर या इंजेक्शनाच्या रूपाने आला. विषाणूच्या जनुकांभोवती प्रथिनांचे एक कवच असते. हे औषध त्या कवचाला चिकटून ते धड जुळूही देत नाही आणि वेळेवर सुटूही देत नाही. पोटाच्या कातडीखाली एकदा टोचले की सहा महिने घरी काही ठेवायला नको, लपवायला नको. १६ ते २५ वयाच्या मुलींमध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष जून २०२४ मध्ये जाहीर झाले. इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नव्हती. रोजच्या गोळ्यांच्या एका गटात १,०६८ पैकी १६ जणींना आणि दुसऱ्या गटात २,१३६ पैकी ३९ जणींना लागण झाली. आमच्या कक्षात त्या दिवशी एक वयस्कर सहकारी तो शून्य पुन्हा पुन्हा वाचत होत्या. छपाईची चूक तर नाही ना, अशी त्यांना शंका होती.

तुझ्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र शून्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या चाचणीत गर्भनिरोधक वापरण्याची अट घातली नव्हती आणि एखादीला दिवस गेले तर तिला बाहेर काढले जात नव्हते. सर्व माहिती पुन्हा समजावून तिची संमती पुन्हा घेतली जाई आणि तिची इच्छा असेल तर औषध चालू राही. अशा पाचशेहून अधिक गर्भधारणांची नोंद त्या चाचणीत आहे. म्हणूनच जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या इंजेक्शनाची शिफारस केली तेव्हा गर्भवती आणि स्तनदा मातांना “पुरेशी माहिती उपलब्ध नाही” असे सांगून ताटकळत ठेवावे लागले नाही. किमतीचे दुखणे राहिलेच. अमेरिकेत या औषधाची छापील किंमत वर्षाला २८ हजार डॉलरहून अधिक आहे. १२० कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी २०२७ पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरला देण्याचे करार २०२५ च्या सप्टेंबरात जाहीर झाले. पण त्याच वर्षी अमेरिकेने आपली परदेशी मदतसंस्था मोडीत काढल्याने, इंजेक्शन टोचणाऱ्या दवाखान्यांचेच पगार कोण देणार हा पेच आता उभा आहे.

हिवतापाचे थोडक्यात सांगते. पहिल्या तीन महिन्यांत हिवताप झाला तर कितीतरी वर्षे क्विनाइनच द्यावे लागे. सात दिवस कडू गोळ्या आणि कानांत सतत घूं घूं. आर्टेमिसिनिन गटातील चांगली औषधे या काळात सुरक्षित आहेत याचा पुरावा गोळा झाला तो मुख्यतः दिवस राहिल्याचे माहीत नसताना ती घेतलेल्या बायकांच्या नोंदींतून, आणि त्यांपैकी आर्टेमेथर व लुमेफँट्रिन यांच्या जोडगोळीला २०२२ च्या अखेरीस जागतिक मान्यता मिळाली. म्हणजे चाचणी झालीच, पण त्या बायकांना न सांगता आणि न विचारता.

आता आईला लस देऊन बाळाला वाचवण्याविषयी. तान्ह्या बाळांची छाती भरवणारा आरएसव्ही नावाचा विषाणू दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे एक लाख मुलांचे प्राण घेतो. १९६० च्या दशकात त्याच्यावरची लस थेट बाळांना टोचून पाहिली गेली तेव्हा लस घेतलेलीच मुले अधिक आजारी पडली आणि दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे या वाटेला फारसे कोणी गेले नाही. २०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन आणि बार्नी ग्रॅहम यांच्या गटाने विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन, विषाणू पेशीच्या आवरणाशी एकजीव होण्याआधी, कसे दिसते ते दाखवले आणि मग लसीला नेमके लक्ष्य मिळाले. ती बाळाऐवजी गर्भवती आईला द्यायची, कारण शेवटच्या तिमाहीत बाळाला पोसणारी वार आईची प्रतिपिंडे नुसती झिरपू देत नाही, ती अक्षरशः उचलून बाळाकडे पोहोचवते. २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या या लसीने पहिल्या नव्वद दिवसांत गंभीर आजार सुमारे ८२ टक्क्यांनी कमी केला.

आणि इथेच तुझ्या काळजीलाही जागा आहे, हे मी लपवणार नाही. तशाच दुसऱ्या एका लसीची चाचणी २०२२ मध्ये थांबवण्यात आली, कारण लस घेतलेल्या मातांमध्ये दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाण ६.८ टक्के निघाले आणि इतरांत ते ४.९ टक्के होते. बाळांचे नुकसान झाले. पण तो फरक दिसला तोच मुळी दोनतृतीयांश स्त्रियांना लस आणि एकतृतीयांश स्त्रियांना लस नसलेले नुसते इंजेक्शन अशी विभागणी असल्यामुळे. सरसकट बाजारात आली असती तर हा फरक कित्येक वर्षे कोणाच्या लक्षातही आला नसता.

तुझ्या कक्षाशी थेट संबंध असलेली एक बातमी २०२३ ची आहे. भारतासह सात देशांतील २९ हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत निम्म्या जणींना कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा दोन ग्रॅमचा एकच डोस तोंडाने दिला गेला, तेव्हा आईला गंभीर जंतुदोष होणे किंवा तिचा मृत्यू हे २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले; बाळाला मात्र त्याचा काही लाभ झाला नाही. मी स्वतः याबाबत साशंक आहे. प्रत्येक बाळंतिणीला प्रतिजैविक दिले तर दहा वर्षांनी ते कोणत्या जंतूवर चालेल, याचे उत्तर एवढ्या छोट्या काळाच्या चाचणीत मिळत नाही.

विषयाला थोडी सोडून एक गोष्ट सांगते, कारण ती वाचून तुला हसू येईल. अंगावरून पांढरे जाण्याचे, विशेषतः वास येणाऱ्या स्रावाचे एक सामान्य कारण योनीतील जिवाणूंचा समतोल बिघडणे हे असते. बाईला औषध द्यायचे, बरे वाटायचे, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच, आणि दोष तिच्या स्वच्छतेवर! ऑस्ट्रेलियातील १६४ जोडप्यांच्या चाचणीत निम्म्या जोडप्यांतील पुरुषालाही आठवडाभर गोळ्या आणि मलम दिले. १२ आठवड्यांत दुखणे उलटण्याचे प्रमाण एकट्या बाईच्या उपचारात ६३ टक्के, तर दोघांच्या उपचारात ३५ टक्के निघाले, आणि फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. हे छापून आले मार्च २०२५ मध्ये. “नवऱ्यालाही घेऊन ये” असे तू बाह्यरुग्ण विभागात कितीदा म्हणाली असशील, आणि तेव्हा तुला कोणी पुरावा मागितला असता तर तो नव्हता.

झोपेचे विचारलेस म्हणून सांगते, मला ती बहुधा लागते. लागत नाही ती त्या “होय”च्या चौकटीत खूण करून परत पाठवलेल्या स्त्रियांच्या आठवणीने. आमच्या पुढच्या चाचणीसाठी त्या अर्जाचा नवा मसुदा करायचे काम माझ्याकडे आले आहे. आता “होय” नंतर मुलाखत थांबणार नाही, तिथून एक वेगळे पान सुरू होईल. त्यातील पहिलाच प्रश्न माझ्यासाठी अवघड होऊन बसला आहे, कितवा आठवडा चालू आहे. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी सगळीकडे होत नाही, शेवटच्या पाळीची तारीख कित्येकींना सांगता येत नाही, आणि आठवडे दोन-तीनने चुकले तर दिवस भरले होते की नव्हते याचा सगळा हिशेब बिघडतो. ज्या बाईला तारीख आठवत नसे तिला तू काय आणि कोणत्या क्रमाने विचारायचीस, पोटावर हात ठेवून काय पाहायचीस, आणि तुझा अंदाज कितपत बरोबर निघायचा, हे मला सविस्तर लिहून पाठव. मसुदा महिनाअखेरीस द्यायचा आहे.

काकांना नमस्कार, लहानांना अनेक आशीर्वाद.

तुझी,
मेधा