दादाचा अंगठा कराचीत आहे : पाकिस्तानच्या मानवाधिकार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रीमहोदय,
मानवाधिकार खातं, पाकिस्तान सरकार, इस्लामाबाद

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितोय, राग मानू नका. उर्दू मला येत नाही आणि इंग्रजीतून अर्ज लिहून लिहून हात दुखले. त्यातल्या एकालाही उत्तर नाही, तेव्हा मराठी पत्राला नाही आलं तरी तोटा काही नाही. आणि मराठी तुम्हाला अगदीच परकी नाही. १९३६ पर्यंत सिंध आमच्या मुंबई इलाख्यातच होता. कराचीत १८५५ साली सुरू झालेली सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्यांच्या नावाने चालते. वैद्य मराठी माणूस, सिंधमध्ये शिक्षण खात्यात अधिकारी होते. त्यांचं नाव तिथल्या शाळेला लागलं, आम्हाला तिथून एक माणूस काढता येत नाही.

मी डहाणूकडचा. माझा मोठा भाऊ खलाशी. आमच्याकडे पावसाळा उतरला की टेम्पो भरभरून माणसं गुजरातच्या बंदरांवर जातात. बोट शेठची, जाळं शेठचं, डिझेल शेठचं. आमचे फक्त हात. आधी उचल घ्यायची, मग आठ महिने समुद्रावर ती फेडायची. दादाने घराच्या पत्र्यांसाठी उचल घेतली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये तुमच्या लोकांनी बोट पकडली. पत्रे आले, दादा आला नाही.

समुद्रातली हद्दीची रेषा ओलांडली असेल का? असेल. खोटं कशाला बोलू? कच्छ आणि सिंधच्या मधल्या सर क्रीक खाडीच्या तोंडाला मासळी आहे आणि मासळीला जीपीएस नाही. त्या ९६ किलोमीटरच्या खाडीचा वाद तुम्हा दोघांना फाळणीपासून मिटवता आलेला नाही, तो खलाशाने रात्री दोन वाजता जाळं ओढता ओढता मिटवावा अशी अपेक्षा आहे. समुद्राच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचं ७३ वं कलम मी वाचलंय. किनाऱ्यालगतच्या समुद्रात जिथे मासळीवर त्या देशाचाच हक्क असतो, त्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा गुन्हा झाला तर, दोन देशांत तसा करार नसेल, तर तुरुंगवास देता येत नाही. तुमच्या सरकारने त्यावर १९९७ मध्ये शिक्कामोर्तब केलंय, आमच्याने १९९५ मध्ये. दोघांनीही केलंय आणि दोघांचेही तुरुंग खलाशांनी भरलेत.

बरं, तेही सोडा. शिक्षा झाली, भोगली. सहा महिन्यांची होती, २०२३ च्या मध्याला संपली. तेव्हापासून दादा तुमच्याकडे कोणत्या नात्याने राहतोय? पाहुणा म्हणून?

२१ मे २००८ चा करार आहे, सह्या तुमच्या आणि आमच्या. त्यात लिहिलंय की राष्ट्रीयत्वाची खात्री पटली आणि शिक्षा संपली की एका महिन्याच्या आत सोडायचं. एक महिना, साहेब. आमचे चोवीस झाले. मेलेल्या खलाशाचा देह यायलाही महिना उलटतो, म्हणजे त्या कलमाचा फायदा मेल्यावरसुद्धा मिळत नाही.

याच करारामुळे दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. यंदा, २०२५ च्या जानेवारीत तुम्ही सांगितलंत २१७ मच्छीमार, जुलैत १९३. शिक्षा संपलेले किती, तर दिल्लीने जानेवारीत १८३ म्हटलं आणि आता १५९. या १८३ आणि १५९ मध्ये मच्छीमार नसलेले थोडे कैदीही धरलेत. आकडा खाली आला म्हणून टीव्हीवाल्याने चांगली बातमी असल्यासारखा तोंडावळा केला. आमच्या घरात १ जुलैला कोणी जेवलं नाही. यादीत नावं नसतात, नुसता आकडा. १९३ मधला एक आमचा आहे की नाही, हे आकड्याकडे बघून कसं ओळखायचं?

फेब्रुवारीत २२ जण सुटले. तेव्हा एका अधिकाऱ्याने फोनवर वहिनीला सांगितलं, ‘तुमचं व्हेरिफिकेशन झालंय, पुढच्या खेपेला नक्की.’ वहिनीने दादाचा शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवला. एप्रिलमध्ये पहलगाम झालं, अटारीचं सीमेवरचं फाटक बंद, मे महिन्यात विमानं आणि ड्रोन. पहलगामला निरपराध मारले गेले, त्याचा संताप आम्हालाही आला. पण त्यात दादाचा काय हात? तो त्या दिवशी तुमच्याच कुलपात होता. जगात याहून पक्का पुरावा कोणाकडे असेल?

जूनच्या सुरुवातीला कराचीत भूकंप झाला आणि तिथल्या एका जेलमधून दोनशेच्या वर कैदी पळाले. आम्ही रात्रभर मोबाइलला चिकटून. आई सारखी विचारत होती, ‘आपला पळाला का रं?’ मी तिला काय सांगू? पळून जाईल कुठे, समुद्राकडेच ना. म्हणजे परत पकडणार.

आता हे पत्र का लिहायला बसलो ते सांगतो. गेल्या आठवड्यात वहिनी रेशन आणायला गेली. आमच्याकडे रेशनकार्डावरच्या प्रत्येकाने मशीनवर अंगठा लावायची ई-केवायसी निघाली होती. मुदत संपली आणि दादाचं नाव कार्डावरून उडालं. वहिनी म्हणाली, माणूस पाकिस्तानच्या जेलात आहे. दुकानदार म्हणाला, ताई, मशीनमध्ये तसा ऑप्शन नाही. तांदूळ कमी मिळाला. तुमच्या यादीत नाव दिसत नाही, आमच्या यादीतून काढलं. दोन देश एकमेकांशी बोलत नाहीत म्हणतात, पण दादाला पुसायच्या कामात काय एकी आहे!

तुम्ही म्हणाल, रेशनचं आम्हाला काय सांगता? बरोबर. तुमच्याविषयीच बोलू.

तुमच्या खात्याचं नाव वाचून मला आधी जरा आशा वाटली होती. मग वाचत गेलो. सक्तीने गायब केलेल्या माणसांसाठी तुम्ही २०११ मध्ये आयोग नेमला आणि त्याच्या वहीत दहा हजारांहून जास्त प्रकरणं साठली. बलुच बायका हातात फोटो धरून क्वेट्ट्यापासून इस्लामाबादपर्यंत येतात, आणि त्यांच्यासाठी बोलणाऱ्या डॉ. महरंग बलोच यांना यंदा मार्चमध्ये तुम्ही आत टाकलंत. मुलतानचे प्राध्यापक जुनैद हफीझ २०१३ पासून कोठडीत, ईशनिंदेबद्दल फाशीची शिक्षा, आणि त्यांचं वकीलपत्र घेणारे रशीद रहमान २०१४ मध्ये स्वतःच्या ऑफिसात गोळ्या घालून मारले गेले. रातोरात सव्विसावी घटनादुरुस्ती करून सरन्यायाधीश कोण हे संसदेच्या समितीच्या हाती दिलंत. मे महिन्यात तुमच्या सुप्रीम कोर्टानेच साध्या नागरिकांवर लष्करी कोर्टात खटले चालवायला मोकळीक दिली. एकाही पंतप्रधानाला आजवर पाच वर्षं पुरी करता आलेली नाहीत. तुमच्याकडे जो माजी होतो तो जेलात जातो. मग मला सांगा, जिथे पंतप्रधानाला तारीख मिळत नाही तिथे डहाणूच्या खलाशाला कोण देणार?

आणि तरीही मला पाकिस्तानला शिव्या घालता येत नाहीत, हाच माझा त्रास आहे. चहाच्या टपरीवर सगळे घालतात, मी उठून जातो. मुंबईचा एक तरुण २०१२ मध्ये तुमच्याकडे बेपत्ता झाला तेव्हा त्याच्या आईसाठी अर्ज घेऊन फिरली ती लाहोरची पत्रकार झीनत शहजादी. २०१५ मध्ये भररस्त्यातून तिलाच उचलून नेलं. ती सापडली २०१७ मध्ये. त्या दोन वर्षांत तिच्या भावाने जीव दिला. दुसऱ्याच्या मुलाला शोधायला निघालेल्या पोरीची ही गत. तिला एकदा भेटावं आणि पाया पडावं असं वाटतं. तुम्हाला भेटावंसं वाटत नाही.

आमच्याकडेही तुमचे ८१ मच्छीमार आहेत, जुलैच्या यादीत. कराचीकडच्या कोणत्यातरी वस्तीत एक बाई तशीच शर्ट धुऊन बसली असेल. तिच्या दिराने आमच्या मंत्र्याला सिंधीत पत्र लिहिलं तर त्यालाही उत्तर जाणार नाही, हे मी आत्ताच लिहून देतो. तुम्हा दोघांची भांडणं चालू द्या. माणसं बदलून घ्यायला एक फाटक अर्धा तास उघडलं तर कोणाची फौज हरते? निवृत्त न्यायमूर्तींची दोन्ही देशांची समिती २००७ मध्ये केली होतीत, ती तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटायची. २०१३ नंतर तिचा पत्ता नाही. तीही गायब प्रकरणांत धरायची का?

मागणी एकच. शिक्षा संपलेले जे आहेत, सगळे, ते सोडा. तेवढं होत नसेल तर निदान नावांची यादी जाहीर करा. तेही होत नसेल, तर दादाच्या अंगठ्याचा ठसा एका कागदावर घेऊन पाठवा. मशीन तो घेणार नाही, मला ठाऊक आहे. पण आईला दाखवता येईल.

आपला,
एका खलाशाचा धाकटा भाऊ
डहाणू, जि. पालघर
जुलै २०२५