सूचना : क्रूची ट्रॉली बॅग घेण्याआधी

नमस्कार मंडळी. जळगाव-धुळे-नंदुरबारकडची आपली काही मुलं-मुली केबिन क्रूमध्ये रुजू होताहेत, त्यांनी बॅग घेण्याआधी एवढं वाचाच.

रिकामी बॅग दुकानातच काट्यावर ठेवा. ३ किलोच्या आत हवी. टणक बॅग प्लास्टिकची असते. त्यातलं पॉलिकार्बोनेट दाबलं की लवतं आणि परत जागेवर येतं. एबीएस हे दुसरं प्लास्टिक स्वस्त, पण आपटलं की तडकतं. कापडीच हवी तर बॅलिस्टिक नायलॉन, म्हणजे जाड, घट्ट विणीचं नायलॉन.

खरा जीव चाकांत. माझ्या पहिल्या बॅगेचं चाक भुसावळच्या फलाटावर निखळलं. रिबिटचं (ठोकून पक्कं बसवलेलं) होतं, कुठेच बदलून मिळेना. मुंबईपर्यंत बॅग उचलून नेली आणि तशीच रात्रीची ड्युटी केली. म्हणून बॅग उलटी करून चाकं स्क्रूची आहेत का ते बघा. चार चाकांची फरशीवर छान पळते, पण आपल्या स्टँडबाहेरच्या खडीवर दोन मोठ्या चाकांचीच टिकते. दांडा पूर्ण ओढून हलवा. खडखडला तर घेऊ नका.

माप आणि रंग आधी आपल्या कंपनीला विचारा. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, जवळच ठेवा.

रविवारी मी जळगावात आहे. खरेदीला सोबत हवी असेल तर शनिवारपर्यंत इथेच कळवा.