आवाज पुढे, अक्षरं मागे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा पुतण्या आठवीत आहे आणि त्याला डिस्लेक्सिया आहे, डोळे एकदम चांगले पण वाचायला बसला की ओळच सापडत नाही म्हणतो. त्याच्यासाठी आवाज आणि मजकूर सोबत असलेलं पुस्तक म्हणजे मोठा आधार, कारण जे वाक्य वाचलं जातंय ते स्क्रीनवर पिवळं होतं आणि नजर तिथे टिकते. दिवाळीच्या सुट्टीत असा १४ धड्यांचा एक संच चांगले पैसे मोजून घेतला. (प्रकाशकाचं नाव लिहीत नाही, भांडण करायचं नाहीये.) दोन दिवस पोरगा गप्पच, नंतर मी शेजारी बसून बघितलं तर आवाज तिसऱ्या वाक्यावर आणि पिवळी पट्टी अजून धड्याच्या नावावर! त्याला वाटलं नेहमीसारखं आपलंच काहीतरी चुकतंय, म्हणून बोलला नव्हता.

प्रकाशकाला फोन केला तर म्हणे, मॅडम आम्ही चेक केलंय. काय चेक केलं विचारलं तर दोन-तीन धड्यांचं पहिलं मिनिट ऐकलेलं. आता १४ धडे पूर्ण ऐकत बसायला माणूस कुठून आणणार हे मलाही कळतं, पण हे काम माणसाने करायचंच नाहीये, एवढंच सांगायला हे पत्र.

माझा भाचा गंगापूर रोडला राहतो, इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला मावशी, यासाठी एनिअस नावाचं फुकट टूल आहे. बटणं, चित्रं काही नाही, काळी स्क्रीन, त्यात एक ओळ टाइप करायची आणि एंटर. मला आधी वाटलं हा शायनिंग मारतोय. पण त्यातली आयडिया भारी आहे, त्याला मजकूर दिला की आधी ते मशीनच्या आवाजात तो वाचून घेतं (ईस्पीक एनजी म्हणून वाचणारा प्रोग्राम आहे, त्याला मराठी येतं, पण वाचतो अगदी रुक्ष) आणि मग मशीनचा आवाज आणि माणसाचा आवाज दोन्ही ताणून-आखडून एकमेकांवर बसवतं, की कुठलं वाक्य कितव्या सेकंदाला येतंय ते कळतं. अर्थबिर्थ काही समजत नाही त्याला, नुसती आवाजाची ठेवण जुळवतं. भाच्याने वर एक छोटी स्क्रिप्ट (म्हणजे छोटा प्रोग्राम) लिहिली, कुठलं वाक्य कधी पिवळं करायचं याच्या संचातल्या वेळा आणि टूलने काढलेल्या वेळा यात अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक असेल तर त्या वाक्याचा नंबर छापायचा. रात्री १४ धडे लावून झोपला, सकाळी यादी तयार.

आणि यादी वाचली की रोगही कळतो बरं का. पहिल्या धड्यात सगळीकडे ११ सेकंदांचा सारखाच फरक, म्हणजे वेळा टाकून झाल्यावर कोणीतरी सुरुवातीला सनईचा तुकडा चिकटवलाय, सगळ्या वेळा ११ ने सरकवल्या की काम झालं. सहाव्यात सुरुवात बरोबर आणि फरक वाढत वाढत शेवटी ४० सेकंद, म्हणजे रेकॉर्डिंगचा वेग बदललाय. सिनेमाच्या सबटायटलला पण हेच होतं, सिनेमात सेकंदाला २४ चित्रं आणि आपल्याकडच्या टीव्हीत २५, एवढ्याशाने तासाभरात जवळपास अडीच मिनिटांचा घोळ होतो. नवव्यात मात्र मधेच एकदम उडी, तिथे वाचणाऱ्या बाईंनी अख्खा परिच्छेद गाळलेला! पहिलं मिनिट ऐकून यातलं सहाव्याचं आणि नवव्याचं काय कळणार होतं?

आता टूल आणलं की झालं असं पण नाही, मराठीत त्याला बरीच मदत करावी लागते. आम्ही 'डॉ.' वर अडकलो. टिंब दिसलं की वाक्य संपलं असं भाच्याच्या स्क्रिप्टला वाटायचं, म्हणजे 'डॉ.' हे एक वाक्य आणि 'बाबासाहेब आंबेडकर' पासून दुसरं. 'इ. स.' ची तीच गत. १८५७ लिहिलं तर माणूस अठराशे सत्तावन्न म्हणतो, मशीन काय म्हणेल नेम नाही, म्हणून आकडे अक्षरात लिहून दिले. आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे जुने फॉन्ट. छापखान्यात अजून युनिकोड (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच कळणारी अक्षरं) सोडून जुन्या फॉन्टमधे टाइप करतात, कागदावर छान मराठी दिसते पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, मशीन वाचणार काय कपाळ! आणि चालीवर म्हटलेल्या कवितांपुढे हे टूल सरळ हात टेकतं, त्या कानानेच तपासाव्या लागल्या.

नाशिकमधे १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, मुक्त विद्यापीठ आहे, पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी हौशी मंडळी पण आहेत. जे कोणी असं साहित्य विकत घेतात किंवा बनवतात त्यांनी प्रकाशकाकडे ती यादी मागावी, प्रत्येक धड्यात किती वाक्यं किती सेकंदांनी चुकली त्याची. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात साहित्य त्यांना वापरता येईल अशा रूपात मिळावं असं म्हटलंय, आणि डिस्लेक्सिया त्या कायद्यात येतो. पट्टी एकीकडे आणि आवाज दुसरीकडे असलेलं पुस्तक नुसतं 'उपलब्ध' असून काय उपयोग, त्यापेक्षा साधं ऑडिओ परवडलं, निदान पोराचा गोंधळ तरी होत नाही.

चुकीच्या वाक्यांची पूर्ण यादी प्रकाशकाला मेल केलीय, तीन आठवडे झाले, अजून उत्तर नाही. भाच्याने आमच्या घरापुरत्या वेळा दुरुस्त करून दिल्यात, पुतण्या सध्या सातव्या धड्यावर आहे.

आपली एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक