पुढची तारीख केस पेपरवर लिहून द्या

महोदय,

दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज आता केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरता येतो, हे चांगलंच झालं. पण एडीएचडी (लक्ष टिकवणं, गोष्टी लक्षात ठेवणं अवघड करणारी मेंदूच्या विकासातली अडचण) असलेल्यांचं घोडं त्यानंतर अडतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडी हे नावच नाही. सोबत अध्ययन अक्षमता किंवा स्वमग्नता (ऑटिझम) असेल, तर तो प्रकार निवडावा. नसेल, तर मोठ्या माणसाला ‘मानसिक आजार’ हाच रकाना उरतो. तिथे नुसतं निदान पुरत नाही, रोजच्या कामकाजावरून टक्केवारी ठरते. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण, शिवाय आजार किती वर्षांचा आहे याचे. ४० टक्क्यांच्या खाली बहुतेक योजना मिळत नाहीत.

खरी गफलत इथेच होते. “कामं जमतात ना?” असं डॉक्टरांनी विचारलं की माणूस आपला चांगला दिवस आठवून “हो, जमतात” म्हणून मोकळा होतो आणि गुण कमी पडतात. म्हणून घरच्या कुणाला तरी शेजारी बसवून चारही बाबींची दोन-दोन उदाहरणं आधीच लिहून काढावीत: खात्यात पैसे असूनही बिल थकून वीज तोडली गेली, गॅसवरचं दूध विसरून पातेलं करपलं, कोणती नोकरी नेमकी कशामुळे गेली. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर जरूर न्यावीत. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होती, हे निदानासाठी पाहिलं जातं; ‘वही अपूर्ण’, ‘वर्गात लक्ष नसते’ हे बाईंचे शेरे तिथे उपयोगी पडतात.

आधारला जोडलेलं सिम बंद असेल तर ओटीपी येत नाही. आधारवर सासरचं नाव आणि जुन्या कागदांवर माहेरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत लागतो. ही कामं अर्जाआधीच उरकावीत.

रुग्णालयात मात्र “पुढच्या बुधवारी या” असं तोंडी सांगून पाठवलं जातं. तोंडी सांगितलेली तारीख निसटणं हे तर एडीएचडीचं लक्षणच आहे! त्यात २०२४च्या सुधारित नियमांनुसार, अर्जदाराकडून प्रतिसाद नाही म्हणून दोन वर्षं रखडलेला अर्ज निष्क्रिय होतो. मग पुन्हा नव्याने अर्ज करा, नाहीतर तो सुरू करून घ्यायला रुग्णालयात खेटे घाला.

मुंबईतल्या पालिका आणि सरकारी रुग्णालयांनी पुढची तारीख, वेळ, खोली क्रमांक आणि आणायचे कागद केस पेपरवरच लिहून द्यावेत. आदल्या दिवशी एसएमएस पाठवावा. तारीख चुकली तर त्याच अर्जावर दुसरी द्यावी. व्हीलचेअरसाठी जिन्याशेजारी उतार बांधतात, तशीच ही कायद्यातली ‘वाजवी सोय’ आहे. सुरुवात म्हणून केस पेपरवर तारीख, वेळ, खोली आणि कागद या चार रकान्यांचा शिक्का मारला तरी चालेल.

— एक समुपदेशक, परळ, मुंबई